जमिनीला पाय लागल्यापासून अर्धा तास

म्हसवड, ता. माण, जि. सातारा
१२ डिसेंबर २०२४

प्रिय भरतेश,

काल सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या माळावर उतरलेल्या गिऱ्हाइकाला त्याच्या उडीचा व्हिडिओ संध्याकाळी पावणेसात वाजता मिळाला. ही वेळ मी नाही, माझी भाची पूजा हिनं टिपली आहे. लॅपटॉपसमोर तीच बसली होती आणि गिऱ्हाईक तिच्यासमोर खुर्चीत झोपलं होतं.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. धावपट्टीवर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की मिळते, आणि माझा गुडघा आता शिडी मानत नाही. शिवाय फौजेत बावीस वर्षं पत्रं लिहिली, त्यामुळे कागद पुढ्यात असला की डोकं सरळ चालतं. एसटीच्या पार्सलात घालतोय. उत्तर तसंच पाठव.

हकिगत अशी. पॅरा पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर होऊन गावी आलो, तेव्हा इथं विमानातून उडी मारायचा कॅम्प नुकता सुरू झाला होता. मालकीण पुण्याच्या प्रियदर्शनी मॅडम. त्यांनी मला उस्ताद म्हणून घेतलं. दोन हंगाम गिऱ्हाइकं घेऊन उड्या मारल्या. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, आता दोन माणसांचं वजन घेऊन उतरायचं नाही. मॅडमनी काढलं नाही, व्हिडिओची खोली दिली. पण एक अट घातली. जमिनीला पाय लागल्यापासून अर्ध्या तासात व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या हातात पाहिजे. लोक लांबून येतात, थांबत नाहीत आणि घरी गेल्यावर त्यांना गोडी राहत नाही. जानेवारीअखेर हे जमलं नाही तर खोली पुण्याच्या एका कंपनीकडे जाईल, आणि मला मॅडमच्या पुण्याच्या ऑफिसात गेटवर नोकरी मिळेल.

भरतेश, उडी मारता येत नाही हे मी गिळलंय. पण गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहायचे आणि वर आभाळात बघायचंही नाही, हे मला जमणार नाही.

तू सांगलीत सतरा वर्षं स्टुडिओ चालवतोस, म्हणून तुला विचारतो. वडूजचा दुकानदार म्हणतो, मोठा लॅपटॉप घ्या. पुण्याचा म्हणतो, लॅपटॉप सोडा, कॅमेरा बदला. आमचा सिद्धू उस्ताद म्हणतो, कॅमेरा डोक्यावर पाहिजे, पूजा म्हणते मनगटावर. चौघांचंही ऐकलं की चौघेही बरोबर वाटतात. आमच्याकडे रोज सात-आठ जोड्या उतरतात. काय घेऊ ते सांग.

तुझा,
जयराज

—

सांगली
१७ डिसेंबर २०२४

जयराज गड्या,

जय जिनेंद्र. तुझं अक्षर एनसीसीतल्या हजेरीपटावर होतं तसंच आहे, तिरकं आणि घाईत.

जोड्यांचं काम आहे हे वाचून जीवात जीव आला. मला वाटलं, आभाळातलं काहीतरी आपल्याला न झेपणारं असणार. जोड्या उतरवण्यात तर माझे केस पांढरे झाले. लोक आता लग्नाआधी उसाच्या फडात, नदीच्या पात्रात, कुठंही शूटिंग करतात. विमानातून उडी मारणारेही निघाले म्हणजे कमालच आहे. दोघांच्या घरचे कसे तयार होतात?

सोबत पेटी पाठवतोय. त्यात मुठीएवढे दोन कॅमेरे आहेत, पाण्या-धुळीत चालणारे. एक नवऱ्याच्या मनगटावर आणि एक नवरीच्या मनगटावर बांध. नवरीच्या हातात चुडा असेल तर पट्टा चुड्याच्या वरून घे. ओढणीला दोन-चार जादा पिना लाव. हार घालू नका, वाऱ्यात टिकणार नाही.

मिक्सिंगला वेळ जातो तो फक्त विचार करण्यात. म्हणून एक तयार साचा पेनड्राइव्हवर दिला आहे. ब्राह्मीनं बनवला. माझी मुलगी आता स्टुडिओ माझ्यापेक्षा बरा सांभाळते. साच्यात संगीत आहे, अक्षरं आहेत, सगळं आहे. पूजानं फक्त तुकडे त्या जागी टाकायचे.

दुसरी गोष्ट. माळावरून ऑफिस लांब आहे असं तू मागे फोनवर म्हणाला होतास. मग सगळ्यांबरोबर कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड येईपर्यंत थांबू नका. जोडी उतरली की तिथल्या तिथं कॅमेऱ्यातून कार्ड काढायचं आणि मोटारसायकलवर पुढं पाठवायचं. सहा कार्डं आणि एक कार्ड रीडर पेटीत आहे.

एकच शंका. खाली येताना दोघं एकमेकांकडे बघतात, की दोघांची तोंडं खाली असतात? त्यावर संगीत ठरतं.

तुझा,
भरतेश

—

म्हसवड
२३ डिसेंबर

भरतेश,

आधी तुझ्या शंकेचं उत्तर. दोघांचीही तोंडं खाली असतात, कारण एकजण दुसऱ्याच्या पाठीला बांधलेला असतो. पुढं गिऱ्हाईक, मागं उस्ताद, आणि दोघांना मिळून एकच छत्री. याला आम्ही जोडउडी म्हणतो. जोडी म्हणजे नवरा-बायको नाही रे बाबा!

हे मी आधी लिहायला पाहिजे होतं, चूक माझी. पण तुझा साचा उघडून न बघता आम्ही वापरला, ही चूक पूजाची आणि माझी मिळून. शनिवारी कडेगावचे एक रिटायर तलाठी आले होते, वय त्रेसष्ट, कल्लेदार मिशा. त्यांना सिद्धूनं खाली आणलं. सिद्धूच्याही मिशा तशाच. ऑफिसात तीस माणसं पडद्यासमोर बसली होती. व्हिडिओ लागला तर दोघांच्या मिशा वाऱ्यावर उडतायत, भोवती बदाम तरंगतायत, सनई वाजतीय आणि खाली अक्षरं, ‘दोन जीवांचं शुभमंगल’.

तलाठ्यांच्या बायको भामाबाई पुढच्या रांगेत होत्या. त्या मागं वळून सिद्धूला म्हणाल्या, “आवं पाव्हणं, चाळीस वर्सं मी सांभाळलंय. आता तुमी न्ह्या. पर सकाळचा चहा बिनसाखरंचा लागतोय त्यास्नी.”

सिद्धू दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर देत नाहीय. त्याला सगळे जावईबापू म्हणतात.

आता कामाचं. वेळ एक तास दहा मिनिटांवर आली. म्हणजे तुझा साचा बदाम वगळून उपयोगी आहे. धावपट्टीच्या बाजूला पवनचक्क्या आहेत म्हणून आम्ही सात किलोमीटर लांबच्या माळावर उतरतो. तिथून जीपला वाट खराब असल्यानं अठरा मिनिटं लागतात, मोटारसायकलला दहा. तू म्हणालास तसं कार्ड अर्जुनाच्या मोटारसायकलवर पुढं पाठवतो. अर्जुना आमचा जीपवाला, तो आता दोन्ही गाड्यांवर दिसतो.

पण दोन कार्डं वाचलीच गेली नाहीत. लॅपटॉप म्हणतो, काही घातलेलंच नाही. पुन्हा काढून घातलं तर एक चाललं, एक नाही. हे काय असतं?

जयराज

—

सांगली
२७ डिसेंबर

जयराज,

ब्राह्मीनं तुझं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग खुर्चीवर बसून हसत राहिली. भामाबाईंना माझा नमस्कार सांग. नवा साचा पाठवतोय. त्यात बदाम नाहीत, सनई नाही. गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख, बस्स.

आता काम समजलं, त्यामुळे सांगणंही बदललं. कॅमेरा एकच पुरे, उस्तादाच्या डाव्या मनगटावर. पूजाचं बरोबर होतं. डोक्यावरच्या कॅमेऱ्यात गिऱ्हाइकाची टाळू दिसेल, तोंड नाही. आणि मोठा लॅपटॉप घेऊ नको. तुमची वेळ लॅपटॉप खात नाही, तुम्ही घेतलेलं जास्तीचं शूटिंग खातं. विमान वर चढताना वीस मिनिटं कॅमेरा चालू कशाला ठेवता? सिद्धूला सांग, बटण सहाच वेळा दाबायचं. विमानात बसताना, दारात, उडी टाकताना, छत्री उघडल्यावर, पाय टेकताना आणि उतरल्यावर घरच्यांना भेटताना. सहा तुकडे, सहा जागा. पूजाला निवडायचं कामच उरणार नाही. चित्राचा आकारही कमी ठेव. फोनवर बघणार आहेत, सिनेमागृहात नाही.

कार्डं बाद असतील. सहा नवी पाठवतो, दुसऱ्या बनावटीची.

एक विचारतो. त्या पुण्याच्या कंपनीचं नाव तुला माहीत आहे का? आणि जानेवारीअखेर म्हणजे नक्की कधी, मॅडमनी लिहून दिलंय का? सहज विचारतो.

भरतेश

—

म्हसवड
७ जानेवारी २०२५

भरतेश,

सहा तुकड्यांनी जादू केली. पहिल्या दिवशी छत्तीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी चौतीस. पूजानं वेळा दारावर खडूनं लिहिल्या. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा दीड-दोन तास, कारण कार्डं. नवीही तशीच. तिसरं कार्ड घातलं की वाचत नाही, आणि ते काढून चौथं घातलं तर तेही नाही. एकदा एका बाईंचा व्हिडिओ हातचा गेलाच.

आता खरी डोकं फिरवणारी गोष्ट ऐक. पूजानं वही काढली आणि दाखवलं, की पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांची कार्डं बहुतेक नीट वाचली जातात. बाद होतात ती माण, खटाव, कडेगाव, विट्याकडच्या लोकांची. तोच कॅमेरा, तीच कार्डं, तोच सिद्धू.

यावर इथं रोज बैठक बसते. अर्जुना म्हणतो, “गावाकडची मान्सं लय वरडत्यात वर गेल्यावर. त्या हादऱ्यानं कार्ड हालत असंल.” सिद्धू म्हणतो, आपले लोक लोकरीचा स्वेटर घालून येतात, वाऱ्यात घासून त्यात वीज तयार होते. हे मला थोडं पटलं होतं, म्हणून दोन दिवस स्वेटर काढायला लावले. दहा हजार फुटांवर माणसं कुडकुडली, कार्डं बाद झाली ती झालीच. मीही एक तर्क लढवला. गावाकडची माणसं अंगानं जड, म्हणून पाय टेकताना दणका जास्त बसतो. मग सांगलीचे एकशे दोन किलोचे व्यापारी येऊन गेले, त्यांचं कार्ड पहिल्या झटक्यात वाचलं.

मला काही कळेना झालंय. फौजेत वस्तू बिघडली तर बिघडलेली असायची. ही माणूस बघून बिघडते.

बाद कार्डं आणि रीडर परत पाठवतोय, उघडून बघ. मॅडमनी तारीख दिली आहे, फेब्रुवारीचा पहिला रविवार. त्या दिवशी त्या स्वतः गिऱ्हाईक म्हणून उडी मारणार आणि स्वतःच्या घड्याळावर वेळ बघणार.

कंपनीचं नाव मला माहीत नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, की सांगलीकडचा कुणी जुना अनुभवी माणूस ते इथं बसवणार आहेत. तुझ्या ओळखीतला असेल तर बघ जरा कोण आहे. त्याला माझ्या गुडघ्याचं सांगून ये म्हणतो.

जयराज

—

सांगली
११ जानेवारी

जयराज,

रीडर भिंगाखाली धरला. त्याच्या तोंडात आत गुलाबी पूड बसली आहे. कार्डांच्या पितळी पट्ट्यांवरही तीच. ब्राह्मीनं टाचणीनं खरवडून कागदावर काढली, चिमूटभर निघाली.

खरं सांग, तुम्ही कार्डाला हळदीकुंकू लावता का?

लगेच कळव. रीडर साफ करून सोबत परत पाठवतोय. त्या माणसाचं मी बघतो.

भरतेश

—

म्हसवड
१९ जानेवारी

भरतेश,

गुलाल!

तुझं पत्र मी माळावर वाचलं. समोर विट्याचा एक गडी उतरत होता. त्याचा भाऊबंद पिशवी घेऊन धावला, “नाथबाबाच्या नावानं चांगभलं” असा गजर झाला आणि सिद्धूसकट दोघं गुलाबी झाले. मी कागदाकडे बघितलं, सिद्धूकडे बघितलं. तो त्याच हातानं कॅमेऱ्याचं झाकण उघडून कार्ड काढत होता.

आता तू म्हणशील, हे महिनाभर सांगितलं का नाही. अरे, सांगण्यासारखं त्यात काय आहे? निवडून आलेल्यावर टाकतात, कुस्ती मारलेल्यावर टाकतात, सिद्धनाथाच्या रथावर टाकतात. आपला माणूस आभाळातून धड खाली आला तर त्याच्यावर टाकणार नाहीत का? गुलाल पडला हे मला दिसतच नव्हतं. पुण्याच्या लोकांवर कुणी टाकत नाही, म्हणून त्यांची कार्डं चांगली. त्या सांगलीच्या व्यापाऱ्यांबरोबर फक्त ड्रायव्हर आला होता.

पहिल्यांदा मी फौजी डोक्यानं वागलो. माळावर पाटी लावली, गुलाल मनाई. तीन दिवस कार्डं झकास, वेळ अठ्ठावीस मिनिटं. मी खूश. चौथ्या दिवशी कडेगावच्या मनुबाई आल्या. पासष्ट वर्षांच्या, चार भाऊ बरोबर. उडी अशी मारली, की सिद्धू म्हणाला, मावशीनं मलाच धीर दिला. खाली आल्यावर भावांनी पिशव्या काढल्या आणि मी पाटी दाखवली. बाई माळावर तशाच उभ्या राहिल्या. थोरला भाऊ मला म्हणाला, “मिल्ट्रीवालं न्हवं तुमी? आभाळातनं आल्याली भन, तिला असंच कोरडं घरी न्हेऊ व्हय? गावात काय सांगू, बाजाराला गेलती म्हनून?”

व्हिडिओ वेळेत तयार झाला. बघायला कुणी थांबलं नाही. पूजा म्हणाली, “मामा, अर्ध्या तासात दिला, पर कुनाला दिला?”

तिनं मग मला जुने व्हिडिओ ओळीनं लावून दाखवले. सहाव्या तुकड्यात, घरच्यांना भेटतानाचा तो, गुलाल उडालेलाच सगळ्यात चांगला दिसतो. लोक तोच थांबवून थांबवून बघतात. त्यामुळे पाटी काढली. पण मग कार्डाचं काय करू? गुलाल असतानाच कॅमेरा चालू पाहिजे आणि गुलाल असतानाच कार्ड बाहेर नको. इथं येऊन माझं डोकं थांबलं. रविवार दोन आठवड्यांवर आलाय.

जयराज

—

सांगली
२४ जानेवारी

जयराज,

आधी उपाय, कारण तो सोपा आहे. कार्ड माळावर काढायचंच नाही. अख्खा कॅमेरा झाकण बंद ठेवून अर्जुनाकडे द्यायचा. बंद कॅमेऱ्याला पाणी-धूळ काही होत नाही, गुलालही नाही. ऑफिसात पूजानं तो आधी ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसायचा, स्वतःचे हात धुवायचे आणि मगच झाकण उघडायचं. एक कॅमेरा वाटेत, एक पूजाकडे, एक सिद्धूच्या मनगटावर, म्हणून तीन लागतील. तिसरा सोबत पाठवतोय. महाग लॅपटॉप नको, डोक्यावरचा कॅमेरा नको. तिसरा कॅमेरा आणि एक फडकं, एवढीच तुमची खरेदी.

आता दुसरं. हे लिहायला गेले चार आठवडे बसतोय आणि दरवेळी कॅमेऱ्याबद्दल लिहून पत्र बंद करतोय.

मॅडम म्हणाल्या तो सांगलीकडचा जुना अनुभवी माणूस मी आहे.

पुण्याच्या त्या कंपनीचा मला ऑक्टोबरमध्ये फोन आला होता. साताऱ्याकडे साहसी खेळांचं शूटिंग आहे, एका जागी बसून काम, येणार का, असं विचारलं. लग्नाची कामं ब्राह्मी बघते, मी स्टुडिओत अल्बमांवरची धूळ पुसतो. मी हो म्हणालो. जागा कुठली, त्यांनी सांगितलं नव्हतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही मी लग्नाच्याच जोड्या डोळ्यांपुढं धरून होतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत. तू जोडउडी समजावलीस तेव्हा पाल चुकचुकली. सव्वीस डिसेंबरला मीच कंपनीला फोन केला आणि त्यांनी म्हसवडचं नाव सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मी तुला विचारलं, की कंपनीचं नाव माहीत आहे का. सहज विचारतो, असंही लिहिलं. ते सहज नव्हतं.

कार्ड माळावरच काढ, हे मीच तुला सांगितलं होतं, आणि सगळा घोळ त्यातूनच झाला. ते पत्र सतरा डिसेंबरचं आहे. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. पण हे वाचताना तुला काय वाटेल ते मला कळतं, कारण मलाही तसंच वाटतं. गेल्या आठवड्यात मी माझी पत्रं आठवून आठवून तपासली, की कुठं मुद्दाम वाकडं सांगितलं का. नाही सांगितलं. तरी माझा माझ्यावर पुरता विश्वास बसत नाही.

ब्राह्मी म्हणते, “पप्पा, तुम्ही दोन्ही बाजूंनी खेळताय.” मी म्हणालो, मी कुठल्याच बाजूनं खेळत नाहीय. ती म्हणाली, मग ते त्याहून वाईट.

कंपनीला अजून नाही म्हणालेलो नाही. म्हणेन म्हणतो आणि फोन खाली ठेवतो. तू काय म्हणशील ते लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण लिही.

भरतेश

—

म्हसवड
२८ जानेवारी

भरतेश,

पत्र तीनदा वाचलं. मग गुडघ्याला पट्टा बांधून टाकीवर चढलो. रेंज पूर्ण होती. तुझा नंबर काढला आणि खाली उतरलो. फोनवर मी काय बोललो असतो ते मलाच माहीत नाही.

आधी राग आला. मग मी पहिल्या पत्रापासून तारखा लावल्या. सतराला सल्ला, सव्वीसला फोन. तारखा तुझ्या बाजूनं आहेत. तरी दुपारी पुन्हा राग आला. संध्याकाळी असं वाटलं, की माझ्या जागी अनोळखी माणूस बसण्यापेक्षा हा बरा. मग याचंच वाईट वाटलं. असा दिवस गेला. शेवटी पूजा म्हणाली, “मामा, रागवायचं असंल तर सोमवारी रागवा. रविवारी मला दोन हात कमी पडत्यात.”

तिचं खरं आहे. तिसरा कॅमेरा आल्यापासून एकही कार्ड बाद नाही. गुलाल मनसोक्त उडतोय. पण वेळा बघ. परवा एकोणतीस, काल तेहतीस, आज सकाळी एकतीस. मोटारसायकल दहा मिनिटांच्या खाली येत नाही. माळावरचा गुलाल आणि गळाभेट पाच-सहा मिनिटं घेतेच, आणि त्यात मी घाई करणार नाही. राहिलेल्या वेळात पूजा एकटी पुसते, हात धुते, तुकडे टाकते, नाव लिहिते आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर उतरवते. मी पुसायला बसलो तर माझी बोटं जाड, झाकणच उघडत नाही. साच्यात तुकडे टाकणारा वेगळा माणूस पाहिजे, सतरा वर्षं तेच केलेला.

म्हणून लिहितो. रविवारी ये आणि पूजाच्या शेजारी बस.

अर्ध्या तासाच्या आत आलो तर खोली माझी राहील आणि तुझं काम जाईल. बाहेर गेलो तर खोली तुझी. हे तुला ठाऊक असून तू त्या खुर्चीत बसायचंस आणि हात चालवायचास. मी माळावरून बघणार. तू हात आखडलास तर मला तिथून दिसणार नाही, आणि मी नंतर विचारणारही नाही. घड्याळ मॅडमचं आहे. कंपनीला हो किंवा नाही, जे म्हणायचं ते त्यानंतर म्हण. आधी नको. माझ्यावर उपकार म्हणून सोडलेलं काम मला घेता येणार नाही.

हे मी तुझ्यावर विश्वास ठेवून लिहितोय, की मला दुसरा माणूस मिळत नाही म्हणून, ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल.

मॅडमबरोबर पुण्याहून कुणी येणार नाही, म्हणून त्यांच्यावर गुलाल टाकायचा की नाही यावर इथं वाद चालू आहे. मी टाका म्हणालोय. त्यात दोन मिनिटं जातील, ती धरूनच हिशेब कर.

विमान रविवारी सव्वासातला उडेल. वारा सरळ असला तर सात अडतीसच्या सुमाराला मॅडमचे पाय माळाला लागतील, आणि आठ वाजून आठ मिनिटांनी काय ते कळेल. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला अर्जुना म्हसवड स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा राहील. विट्याकडून येणाऱ्या दोन गाड्या तो बघेल. आठपर्यंत तू उतरला नाहीस, तर एकट्यानं परत यायचं, असं त्याला सांगून ठेवलं आहे.

जयराज